लक्ष देऊन, लक्ष न देता

बाबा हाकेला ओ देत नाहीत, ही गोष्ट विनिताच्या लक्षात आली श्रावणातल्या एका मंगळवारी. लक्षात आल्यावर तिने जे केलं, ते तिच्या जागी कुठल्याही ग्रंथपालाने केलं असतं. तिने वही उघडली.

कल्याणच्या एका ज्युनिअर कॉलेजच्या ग्रंथालयात बावीस वर्षं काढलेल्या माणसाची अशी पक्की श्रद्धा होते, की जे नोंदवलं ते आहे आणि जे नोंदवलं नाही ते उंदरांनी खाल्लं. वहीतल्या पहिल्या काही नोंदी अशा होत्या:

‘मंगळवार, सकाळी सात दहा. चहा झालाय असं स्वयंपाकघरातून तीनदा सांगितलं. उत्तर नाही. बाहेर येऊन पाहिलं तर बाबा खुर्चीत, डोळे उघडे, माझ्याकडेच बघत होते. वर म्हणाले, "अगं, हो म्हटलं ना." (म्हटलं नव्हतं.)’

‘गुरुवार. गोळी घेतलीत का, दोनदा विचारलं. उत्तर नाही. मग चिडले. आपण उत्तर दिलं अशी त्यांची ठाम समजूत.’

‘रविवार. ठाम समजूत वाढते आहे.’

आईला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. त्या दोन महिन्यांत विनिताने घरातलं सगळं मार्गी लावलं होतं. गॅसचं कार्ड, पेन्शनचे कागद, आईच्या भिशीतल्या बायकांना निरोप, सगळं वेळच्या वेळी. सोसायटीत सगळे म्हणायचे, विनितानं किती धीरानं घेतलं. विनितालाही ते पटलं होतं. तिला एकच भीती होती, आणि ती तिने वहीतसुद्धा लिहिली नव्हती. आई निदान एका झटक्यात गेली. बाबा खुर्चीत बसल्या बसल्या थोडे थोडे जात तर नाहीयेत ना?

बाबा, म्हणजे मधुकर ओगले, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात चौतीस वर्षं शेड तपासत होते. ठरलेल्या शेडपेक्षा डबा केसभर गडद निघाला की तो बाबांच्या टेबलावरून पुढे जात नसे. लग्नाच्या मांडवात ते आधी नवरानवरीकडे नव्हे, कापडाकडे बघत आणि "हे दोन वेगळ्या घाण्यांचं आहे," म्हणजे एका वेळी कालवलेल्या रंगाचं नाही, असं आईच्या कानात सांगत. असा माणूस हाकेला ओ देईनासा झाला, तर काळजी वाटणारच.

"डॉक्टरांना दाखवू या," विनिताने सुचवलं.

"कुणाला?"

"तुम्हाला."

"माझं डोकं माझं मी तपासलंय. उत्तम आहे," बाबा म्हणाले आणि पेपरात शिरले.

मग ही बातमी शेजारच्या विमलाबाईंना कळली. विमलाबाईंना बातम्या सांगाव्या लागत नाहीत, त्या भिंतीतून ओल यावी तशा त्यांच्याकडे झिरपतात.

"विनू, घाबरवत नाही हं मी तुला," त्या दारातच म्हणाल्या. विमलाबाईंनी हे वाक्य उच्चारलं की समोरच्याने बसून घ्यावं. "पण आमच्या चुलत सासऱ्यांचं अगदी अस्संच सुरू झालं. आधी हाकेला ओ देईनात. मग एके दिवशी मांजराला म्हणाले, ‘या साहेब, बसा.’"

"मग?"

"मग काय, मांजर बसलं. ते सोड. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी संचिता आहे ना, ती ठाण्याला मेंदूवरच काहीतरी करते. डॉक्टर नाही, पण होणार आहे. म्हणजे औषध देणारी नव्हे, दुसरी. तिला माणसं हवीच असतात."

संचिता फोनवर फार गोड बोलली. "ताई, सोपं असतं एकदम. डोक्यावर टोपी घालतो, टोपीला वायरी. समोर पडद्यावर काळेपांढरे चौकोन लुकलुकतात, मधेच एखादा लाल येतो. पहिल्यांदा सांगतो, नीट लक्ष देऊन लाल मोजा. दुसऱ्यांदा सांगतो, लक्ष देऊ नका, नुसतं बसा. चौकोन दोन्ही वेळी सारखेच. मेंदू दोन्ही वेळी काय करतो, ते मोजायचं."

"लक्ष न देता समोर बघत बसायचं? जमतं लोकांना?"

"खूप छान जमतं, ताई. पहिलंच जमत नाही." मग ती जरा गंभीर झाली. "पण हे निदान नाही हं. हे संशोधन आहे. आजार आहे की नाही, ते मी सांगणार नाही."

विनिताने ते ऐकलं आणि सोडून दिलं. बाबांना तिने एवढंच सांगितलं, की एका मुलीच्या अभ्यासासाठी सत्तरीपुढची माणसं हवी आहेत. बाबा लगेच तयार झाले. शिकणाऱ्या मुलीला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. विनिताची तीन पदव्यांची भिंत त्याचीच साक्ष होती.

आता कागद. संस्थेच्या फॉर्मवर एक अट होती. सहभागी व्यक्ती स्वतःच्या मर्जीने येत आहे, असं नात्यात नसलेल्या आणि पाच वर्षं ओळखणाऱ्या एका माणसाने लिहून द्यावं. विनिताने फॉर्म सोसायटीचे सेक्रेटरी गोपीनाथराव यांच्याकडे नेला. एका सहीचं काम होतं. पण गोपीनाथरावांनी उभ्या आयुष्यात एका सहीचं काम एका सहीत केलेलं नव्हतं.

"मेंदू म्हणजे नाजूक मॅटर," ते चष्मा पुसत म्हणाले. "उद्या काही झालं, तर सोसायटीचं नाव येतं. कमिटीपुढे ठेवतो. लेटरहेडवरच देतो ना व्यवस्थित."

आठवड्याने पत्र आलं. गोपीनाथरावांकडे ना-हरकत पत्राचा एकच नमुना होता आणि तो फ्लॅटमधल्या दुरुस्तीचा होता. त्यांनी मोठ्या निष्ठेने तोच वापरला होता:

‘सभासद श्री. मधुकर ओगले (ब विंग, फ्लॅट क्र. ११) यांच्या मेंदूच्या तपासणीस सोसायटीची हरकत नाही. श्री. ओगले यांना समिती एकोणीस वर्षे ओळखते व ते सर्व कामे स्वतःच्या मर्जीनेच करतात, असा अनुभव आहे. मात्र सदर काम सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळेतच करावे. मूळ ढाच्यास धक्का लावू नये. गळती झाल्यास खालच्या सभासदास भरपाई द्यावी. निघालेला राडारोडा जिन्यात ठेवू नये.’

"ढाच्याला धक्का लागू नये, हे मात्र बरोबर आहे," बाबा म्हणाले. ठाण्याच्या संस्थेतल्या कारकुनाने ते पत्र दोनदा वाचलं, विनिताकडे एकदा पाहिलं, आणि खाली गोल शिक्का आहे याची खात्री करून फायलीला लावलं. शिक्का असला की मजकूर सहसा कुणाला आडवा येत नाही.

तारीख मिळाली शुक्रवारची, बारा ते दीड. त्या दिवशी सकाळी आठ वाजता विमलाबाई खोबरेल तेलाची वाटी घेऊन हजर. तेल कोमट केलेलं होतं.

"मधुभाऊ, बसा. मशीनला डोकं लावायचं म्हणजे ते तापणार. आधी थंड करून घ्या."

बाबा बसले. विमलाबाईंनी पाऊण वाटी तेल त्यांच्या टाळूत जिरवलं आणि उरलेलं कानामागे चोळलं. विनिता दारात उभी राहून हे सगळं बघत होती. संचिताने पाठवलेलं सूचनापत्र तिच्या हातात होतं. सगळं झाल्यावर ती म्हणाली, "काकू, चहा टाकू?"

शिळफाट्याला एक कंटेनर आडवा झाला होता. टॅक्सीवाल्याने पाऊण तास त्या कंटेनरच्या आईबापांचा उद्धार केला, आणि दोघं बाराच्या जागी पावणेएकला संस्थेत पोचले. संचिता दारातच उभी होती. चष्मा, पंजाबी ड्रेस, हातात घड्याळ काढून धरलेलं. दीडनंतर यंत्र दुसऱ्यांचं होतं आणि ते दुसरे वेळेच्या बाबतीत फार वाईट होते. तिने बाबांना खुर्चीत बसवलं, केसांत भांग पाडला आणि थांबली.

"काका, तेल लावलंय?"

"कोमट," बाबा अभिमानाने म्हणाले.

"ताई, तेल चालतच नाही. वायरीची जेल धरत नाही, सरकते. सूचनापत्रात सातव्या नंबरला लिहिलेलं मी."

विनिताने पर्समधून कागद काढला. सातवा मुद्दा होता. ‘डोक्यास तेल लावू नये.’ खाली तांबड्या पेन्सिलीची रेघ होती, आणि रेघ तिच्याच हातची होती. ती आपण कधी मारली, हे काही केल्या तिला आठवेना.

"धुवून टाकू," बाबा म्हणाले. पण नळाला पाणी नव्हतं. त्या दिवशी नेमकी टाकी साफ करायला काढलेली. भाऊ नावाचे म्हातारे शिपाई कुठूनतरी दोन बादल्या घेऊन आले. संचिताच्या पर्समधली शॅम्पूची पुडी फुटली. बाबांचं डोकं बेसिनमध्ये वाकवून भाऊंनी एकदा धुतलं, दोनदा धुतलं. तेल ढिम्म.

"थिनर आहे का?" बेसिनमधून बाबांचा आवाज आला. "आमच्या कारखान्यात दोन मिनिटांत निघालं असतं."

"केस पण निघाले असते, साहेब," भाऊ म्हणाले. "मान खाली. भांड्याचा साबण लावतो."

भांड्याच्या साबणाने काम केलं. पण केस वाळायला वीस मिनिटं हवी होती, आणि घड्याळात वाजले होते एक. संचिता रडायच्या बेतात आली. एवढ्या खटपटीने मिळवलेली वेळ, आणि यंत्र रिकामं. अचानक तिने विनिताकडे पाहिलं.

"ताई, तुमचं वय?"

"सत्तेचाळीस."

"मला पन्नाशीच्या आतले पण हवेत, तुलनेसाठी. तुम्ही बसता तोवर? तुमच्या केसांना तेल नाही ना?"

"नाही," विनिता म्हणाली. रविवारी सकाळी तेल लावणं हे आईचं काम होतं. त्यामुळे तिचं डोकं तीन महिन्यांत अगदी शास्त्रीय झालेलं होतं.

टोपी म्हणजे पोहायची टोपी आणि शाळेतल्या विजेच्या प्रयोगाचं लग्न लागल्यासारखा प्रकार होता. ती घालून माणसाची प्रतिष्ठा राहत नाही. विनिताने मात्र पाठ ताठ ठेवली. कॉलेजात पुस्तकांची वार्षिक मोजणी ती एकहाती करत असे; लाल चौकोन मोजणं ते काय. मागच्या खुर्चीत बाबा डोक्याला भाऊंचा पंचा गुंडाळून बसले होते.

"लक्ष देऊन," संचिता म्हणाली.

काळे, पांढरे, काळे, पांढरे. एक लाल. आणखी एक. विनिताला वाटलं, गादीच्या अभ्र्यांना कांजी करायला हवी. लाल. आई अभ्रे उन्हात टाकायची तेव्हा चिमटे तोंडात धरायची आणि तोंडात चिमटे ठेवूनच बोलायची. काय बोलायची, ते नीट कळायचं नाही. पण–

"झालं. किती लाल, ताई?"

"बावीस," विनिता ठामपणे म्हणाली.

"अडतीस," मागून पंचा म्हणाला. "आणि शेवटी शेवटी खालचा उजवा चौकोन जरा फिका पडत होता. बघून घ्या, बल्ब जाईल."

संचिता गर्रकन वळली. "काका, तो आम्ही मुद्दाम फिका करतो! एकवीस जणांत दोघांना दिसला आजवर, तेही समोर बसून."

"फिका आहे, तर दिसणारच," बाबा म्हणाले.

मग लक्ष न देता. ते विनिताला खरोखरच छान जमलं.

दीडचे दुसरे लोक आले, पण बाबांचं पंच्यातलं डोकं पाहून की काय, त्यांनी अर्धा तास दिला. बाबा टोपी घालून बसले. लक्ष देऊन त्यांनी छत्तीस मोजले, छत्तीसच होते. मग संचिताने सांगितलं, "आता काका, लक्ष द्यायचं नाही. मोजायचं नाही. नुसतं बसायचं."

झाल्यावर ती पडद्यावरच्या रेघांकडे बघत राहिली. विनिता संचिताच्या मागे येऊन उभी राहिली. महिनाभर वहीत लिहायचं टाळलेलं ते आता त्या पडद्यावर उमटणार होतं.

"काका," संचिता म्हणाली, "लक्ष देऊ नका सांगितलेलं मी."

"देत नव्हतो. दिसत होतं, त्याला मी काय करणार?"

"मोजले?"

"मोजायचे नव्हतेच," बाबा म्हणाले. "एक्केचाळीस होते."

संचिताने विनिताला रेघ दाखवली. लाल चौकोन आला की रेघेला उंचवटा येतो. लक्ष असलं तर मोठा, नसलं तर जेमतेम. बाबांच्या दोन्ही रेघांना सारखेच डोंगर होते.

"म्हणजे बाबा ठीक आहेत?"

"ताई, निदान मी करत नाही. पण काकांचं लक्ष लागत नाही, ही काही अडचण दिसत नाही. काकांचं लक्ष हटत नाही. यांच्यामुळे माझी सरासरी बिघडणार."

विनिता शेजारच्या स्टुलावर बसली. बाबा जात नव्हते. बाबा इथेच होते, डोक्याला भांड्याच्या साबणाचा वास येत असलेले, चौकोनांवर पहारा ठेवून. एवढा मोकळा श्वास तिने बऱ्याच दिवसांत घेतला नव्हता.

"पण ताई, तुमची रेघ..." संचिता घुटमळली. "थांबा, वायर सैल असेल."

वायर सैल नव्हती. भाऊंनी प्लग काढून परत लावला, कारण सरकारी असो की खासगी, हा उपाय आधी करायचा असतो. संचिताने विनिताला पुन्हा पाच मिनिटं बसवलं. पुन्हा तेच. लक्ष देऊन आणि लक्ष न देता, दोन्ही रेघा एकमेकींवर बेमालूम बसत होत्या. दोन्ही सपाट.

"यंत्र मधे तपासून घेतलं होतं का?" विनिताने विचारलं. बावीस वर्षांत जिच्या ग्रंथालयातून एक पुस्तक हरवलं नाही, त्या बाईला हे विचारण्याचा हक्क होता.

"काकांच्या वेळी चाललं ना, ताई. आणि काळजीचं नाही हे. दिसण्याची रेघ तुमची चांगली आहे. पत्र दारापर्यंत येतंय, पेटीत पडतंय. फक्त आतून कुणी उघडून वाचत नाहीये. झोप होत नसली, किंवा मनात दुसरं खूप काही चाललं असलं, की असं होतं."

"माझ्या मनात काही चाललेलं नाही. मी सगळं वेळच्या वेळी करते."

बाबांनी खांद्यावरचा पंचा काढला, त्याची नीट घडी घातली आणि संचिताला म्हणाले, "हिची आई गेली हो. ज्येष्ठात."

एवढंच. ते सगळ्यांना माहीत होतं. बँकेला, गॅस एजन्सीला, भिशीतल्या बायकांना विनितानेच सांगितलं होतं, मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती जोडून. पण तिच्या वतीने ते कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि टोपीच्या वायरी गळ्यात अडकल्यामुळे तिला ते पुसताही येईना. संचिताने यंत्र बंद केलं. भाऊंनी, दुसरं काही सुचेना म्हणून, तोच ओला पंचा पुढे केला.

डोळे पुसून विनिता म्हणाली, "म्हणजे बाबा, मी हाक मारायचे, तेव्हा तुम्ही–"

"ओ द्यायचो."

"दर वेळी?"

"दर वेळी. आवाज काय कमी आहे का माझा? वरच्या मजल्यावरचे लोक खाली वाकून बघायला लागले."

"मग सांगायचं नाही का मला, की तुला ऐकू जात नाहीये म्हणून?"

"सांगितलं," बाबा म्हणाले. "दोनदा."

संचिताला हसू आवरेना, म्हणून ती कपाटात काहीतरी शोधायला लागली. विनिताही हसली. रडताना हसू आलं की नाकाची फार वाईट अवस्था होते, आणि तिची झाली.

संस्थेच्या फाटकाबाहेर दोघं रिक्षासाठी उभे राहिले. ऊन पडलं होतं. बाबांचे केस भांड्याच्या साबणाने राठ होऊन चारी बाजूंना उभे होते.

"बाबा, तीन महिन्यांत काय काय बोललात माझ्याशी?"

"बहुतेक ‘हो’च."

"आणि?"

"चहात साखर नसते. हे बरेच वेळा."

"अजिबात नसते?"

"ज्येष्ठापासून."

"आणि तुम्ही तसाच प्यायलात?"

"सांगून झाल्यावर पिण्याशिवाय काय उरतं?" बाबांनी केसांवरून हात फिरवून बघितला, केस पुन्हा उभे राहिले. "आणि एकदा म्हणालो होतो, आठ दिवस रजा काढ. नुसती घरी बस. कपाट वगैरे आवरू नकोस. तिच्या साड्यांची कुणाला घाई नाही."

"हे कधी म्हणालात?"

"तू गॅसवाल्याला फोन लावत होतीस."

"परत सांगा."

"रजा काढ."

"ऐकलं. पुढचं."

बाबा सांगू लागले. तीन महिन्यांचं साठलेलं होतं, आणि ते रंगाच्या डब्यांसारखं एकेक झाकण उघडून, शेड तपासून बाहेर काढत होते. आईचं होतं, त्यांचं स्वतःचं होतं, गोपीनाथरावांच्या नव्या रंगवलेल्या जिन्याचंही होतं, जो दोन वेगळ्या घाण्यांच्या रंगात होता. विनिता त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होती. समोर रिक्षा येऊन थांबली होती, आणि रिक्षावाला तिसऱ्यांदा विचारत होता, "ओ ताई, कुठे जायचंय?"

दोघांपैकी कुणीही ओ दिली नाही.